गाडीतला गारवा कोठे गेला?

वैशाखाचे दिवस होते. दुपारचे बारा वाजले असतील. आमचा एक जुना विद्यार्थी ओसरीवर येऊन बसला. सदरा घामाने भिजलेला होता. आम्ही पाण्याचा तांब्या पुढे केला. पाणी पिऊन तो म्हणाला, "गुरुजी, यंदा परत गॅस संपला बघा."

आम्हांला वाटले, घरचा स्वयंपाकाचा गॅस संपला. पण तो बोलत होता मोटारीतल्या एसीच्या गॅसबद्दल.

हा गडी पूर्वी दुसऱ्याच्या जीपवर वडाप करायचा. पुढे पैसे साठवून त्याने २००९ सालची एक छोटी गाडी जुनी म्हणून विकत आणली. आता तो ती भाड्याने चालवतो. गावातल्या एक आजी आहेत. त्यांना आठवड्यातून दोनदा डायलिसिसला शहरात न्यावे लागते. जायला दीड तास, यायला दीड तास. हे त्याचे ठरलेले भाडे. परतीच्या वाटेवर आजींच्या अंगात त्राण नसते. गाडीत उकडले की त्यांना घेरी येते. त्या आठवड्यात दोनदा गाडी झाडाखाली उभी करून त्यांना वारा घालावा लागला होता. आजींचा मुलगा म्हणाला होता, "एसी नीट कर बाबा. नाहीतर आम्हांला दुसरी गाडी बघावी लागेल."

आम्ही विचारले, "आजवर गॅस किती वेळा भरलास?"

"तीन उन्हाळे झाले, गुरुजी. दर खेपेला दोन-अडीच हजार. भरला की दोन महिने झकास चालतो. मग हळूहळू संपतो."

सात हजारांच्या वर पैसे गेले होते. आणि रोग जागच्या जागी होता.

आम्ही जन्मभर गणित आणि व्याकरण शिकवले. मोटारीचे शास्त्र आम्हांला ठाऊक नव्हते. पण तालुक्याच्या गावी एक वयस्कर मेस्त्री आहेत, त्यांचा हात चांगला आहे असे ऐकून होतो. आम्ही त्या पोराबरोबर गेलो. दिवसभर गॅरेजात स्टुलावर बसलो. जे दिसले ते पाहिले, जे कळले नाही ते विचारले, आणि वहीत टिपून घेतले. त्या वहीतले आता तुम्हांला सांगतो. ज्यांच्याकडे जुनी गाडी आहे त्यांना याचा उपयोग होईल. ज्यांच्याकडे नाही, त्यांनाही भाड्याच्या गाडीत बसावे लागतेच.

आधी गारवा येतो कोठून ते पाहू.

माठातले पाणी गार का असते? माठ पाझरतो. पाझरलेले पाणी वाऱ्याने सुकते. सुकताना ते उष्णता बरोबर घेऊन जाते. सुई टोचण्याआधी दवाखान्यात दंडाला औषधाचा बोळा लावतात. तो लावला की गार वाटते. त्याचेही कारण तेच. लग्नघरी मोठ्या शेगडीला गॅसचे सिलिंडर लावतात. तासाभराने सिलिंडरच्या बुडाला हात लावून पाहा. बूड थंडगार असते, कधी त्यावर पांढरे हिव धरते. आतल्या पातळ पदार्थाची वाफ होते आणि ती वाफ उष्णता ओढून घेते.

मोटारीच्या एसीत हीच गोष्ट आहे. त्यातला गॅस फार लवकर उकळतो. पाणी १०० अंशांवर उकळते. हा गॅस शून्याच्याही खाली, उणे २६ अंशांवर उकळतो. डॅशबोर्डच्या आत एक नळ्यांची जाळी असते. तिला कूलिंग कॉइल म्हणतात. गॅस तेथे पातळ रूपात येतो आणि उकळतो. उकळताना गाडीतल्या हवेची उष्णता पिऊन टाकतो. ती उष्णता घेऊन तो इंजिनाकडे जातो. तेथे कॉम्प्रेसर नावाचा पंप आहे. तो गॅसला दाबतो. दाबले की गॅस तापतो. सायकलला हवा भरताना पंपाचे बूड तापते, ते आठवा. हा तापलेला गॅस गाडीच्या अगदी पुढे असलेल्या दुसऱ्या जाळीत जातो. ती जाळी म्हणजे कंडेन्सर. तेथे बाहेरचा वारा लागतो, उष्णता बाहेर जाते, आणि गॅस पुन्हा पातळ होतो. मग एका बारीक छिद्रातून तो कूलिंग कॉइलमध्ये शिरतो. पुन्हा तीच फेरी.

म्हातारी माणसे रहाटगाडगे विसरली नसतील. चाकावर गाडग्यांची माळ असायची. गाडगी विहिरीत जायची, पाणी भरून वर यायची, पन्हळीत ओतून रिकामी व्हायची आणि पुन्हा खाली जायची. गाडीतला गॅस म्हणजे ती गाडगी. गाडीतली उष्णता म्हणजे विहिरीतले पाणी. आता सांगा, पाणी उपसून उपसून कधी गाडगी संपतात काय?

मेस्त्रींनी त्या पोराला हेच विचारले. "पेट्रोल जळतं, म्हणून संपतं. ह्यो गॅस जळत न्हाई. तीच माळ फिरती. मग संपला म्हंजे काय झालं?"

पोरगा गप्प बसला. मग म्हणाला, "गळाला."

"मग तू तीन वर्षं छिद्र न बुजवता रांजण भरत व्हतास."

हे खरे की फार वर्षे उलटली की रबरी नळ्यांतून थोडा गॅस झिरपतो. जुन्या गाडीला काही वर्षांनी थोडी भर लागली तर ते समजण्यासारखे आहे. पण दर उन्हाळ्याला गॅस लागतो, तर कोठेतरी गळती आहेच.

मात्र गारवा नाही म्हणजे गॅसच नाही, असेही धरून चालू नये. वैद्य नाडी न बघता औषध देत नाही. मेस्त्रींनी गॅसचे नाव शेवटी काढले. आधी बाकीचे पाहिले.

पहिली गोष्ट, हवा जोराने येते का? गारव्याचे नंतर बघू. पंखा पुऱ्या वेगावर लावून झरोक्यापुढे हात धरा. पंखा मुळीच फिरत नसेल तर फ्यूज, वायर किंवा पंख्याची मोटर पाहावी. पंखा चार नंबरवर चालतो, पण एक-दोन-तीनवर चालत नाही, असे असेल तर बहुतेक वेळा वेग कमी करणारा लहानसा सुटा भाग जळालेला असतो. त्याला रेझिस्टर म्हणतात. पंख्याचा आवाज मोठा, पण हवा थोडी, असे असेल तर वाट तुंबली आहे. काही गाड्यांना आत हवा गाळणारी जाळी असते. ती धुळीने बसते. आडवळणाच्या गावात गाडी महिना महिना उभी राहते, मग उंदीर आत घरटे करतात. आमच्या समोरच एका गाडीतून ओंजळभर चिंध्या आणि शेंगांची टरफले निघाली.

कधी असे होते की अर्धा तास गाडी छान गार होते, मग हवा कमी कमी होत बंद पडते. एसी बंद करून थोड्या वेळाने लावला की पुन्हा ठीक. अशा वेळी कूलिंग कॉइलवर बर्फ धरलेला असतो. बर्फ होऊ नये म्हणून एसीला मधूनमधून थांबवणारा भाग असतो, तो बिघडलेला असतो.

दुसरी गोष्ट सांगायला आम्हांला थोडी लाज वाटते. त्या दिवशी गाडीतून जाताना आम्हीच पुढे बसलो होतो. उकडते म्हणून एक गोल बटन आम्ही फिरवून पाहिले. गॅरेजात मेस्त्रींनी आत डोकावले आणि हसले. बटन तांबड्या खुणेवर होते. म्हणजे गरम हवेची वाट आम्ही उघडी ठेवली होती. गारवा नाही म्हणून गॅरेज गाठण्याआधी हे बटन निळ्या खुणेवर आहे ना, ते बघावे. जुन्या गाड्यांत बटन निळ्यावर असते, पण आतली तार निसटलेली असते. मग बटन फिरते, झडप फिरत नाही. गरम हवा येतच राहते.

मग बॉनेट उघडले. येथे एक सूचना. गाडी सपाट जागी उभी करा, ब्रेक लावा. धोतराचा सोगा, उपरणे, लुगड्याचा पदर, सैल बाही, काहीही पट्ट्याजवळ किंवा पंख्याजवळ नेऊ नका. पुढचा पंखा आपोआप सुरू होतो, तो सांगून फिरत नाही. आणि शेडचे दार बंद करून इंजिन चालू ठेवू नका. इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू असतो. त्याला रंग नाही, वास नाही. बंद जागेत एसी लावून गाडीत झोपलेली माणसे त्याने दगावली आहेत.

इंजिन चालू असताना एकाने आत बसून एसीचे बटन दाबावे, दुसऱ्याने कॉम्प्रेसरकडे पाहावे. 'टक्' असा आवाज येतो आणि कॉम्प्रेसरच्या तोंडाची चकती फिरू लागते. हा क्लच. पट्टा तर नेहमीच फिरतो. पण एसी लावला की क्लच पकडतो आणि मगच पंप चालतो. अमेरिकेत पॅकार्ड कंपनीने १९३९ साली पहिल्यांदा कारखान्यातून एसी बसवलेली मोटार आणली. तिला हा क्लच नव्हता. एसी बंद करायचा तर गाडी थांबवून, बॉनेट उघडून पट्टा काढावा लागे! आपले दिवस बरे म्हणायचे.

'टक्' झाले नाही तर फ्यूज पाहावा. फ्यूज उडाला असेल तर तेवढ्याच अँपिअरचा नवा घालावा. विडीच्या बंडलातला चकाकता कागद गुंडाळून फ्यूज करणारे आम्ही पाहिले आहेत. अशाने गाडी पेटते. फ्यूज ठीक असेल तर रिले, वायर आणि क्लचची कॉइल तपासावी. सकाळी एसी चालतो, इंजिन चांगले तापले की बंद पडतो, अशी तक्रार असेल तर झिजलेल्या क्लचचा संशय घ्यावा. क्लच झिजला की मधली फट वाढते, आणि तापल्यावर तो पकडेनासा होतो. आणखी एक. गॅस फारच कमी झाला तर कॉम्प्रेसर जळू नये म्हणून गाडीच क्लचची वीज तोडते. म्हणून 'टक्' नाही म्हणजे क्लचच गेला, असा निकाल लगेच देऊ नये.

आमच्या पोराच्या गाडीत 'टक्' झाले. पंप फिरत होता.

आता पुढची जाळी. आमच्या भागातल्या गाड्यांचे निम्मे दुखणे येथे असते, असे मेस्त्रींचे मत पडले. कच्च्या रस्त्याची धूळ, उसाच्या ट्रॉलीमागून जाताना उडणारे पाचट, किडे, चिखल, सगळे त्या कंडेन्सरच्या पात्यांत जाऊन बसते. मग वारा आरपार जात नाही आणि उष्णता बाहेर पडत नाही. गाडगी वर येतात, पण रिकामी होत नाहीत! कंडेन्सर धुताना पाणी हळू सोडावे. गाडी धुण्याच्या मशीनचा जोराचा फवारा मारला तर पाती वाकतात आणि होती ती वाटही बुजते.

येथे एक सोपी खूण आहे. ती प्रत्येकाने लक्षात ठेवावी. गाडी रस्त्याने पळत असताना गार, आणि फाटकात किंवा बाजारात उभी राहिली की गरम, असे होत असेल तर पुढचा पंखा बंद आहे, नाहीतर कंडेन्सर तुंबला आहे. पळताना वारा आपोआप मिळतो, उभे राहिल्यावर तो पंख्यानेच द्यावा लागतो. एसी लावल्यावर पुढचा पंखा फिरतो का, ते तुम्ही स्वतः पाहू शकता. अशा गाडीत गॅस भरून काही होणार नाही. उलट दाब वाढून नुकसान होईल.

त्या गाडीचा पंखा फिरत होता. कंडेन्सर मळला होता, तो धुतला. थोडा फरक पडला, पण पुरता नाही.

मग मेस्त्रींनी गेज लावले. दोन घड्याळांसारखी मीटर असतात, एक निळे, एक तांबडे. एसी बंद असताना दोन्हींचा आकडा सारखा येतो. साधारण ३० अंशांच्या हवेत तो पंच्याण्णव-शंभर पौंडांच्या आसपास असावा. एसी चालू केला की निळे खाली येते, तीस-चाळीस पौंडांवर. तांबडे वर चढते, दोनशे किंवा त्याहून थोडे जास्त. दोन्ही फार कमी असतील तर गॅस कमी आहे. निळे खाली उतरत नाही आणि तांबडे वर चढत नाही, म्हणजे पंपात दम राहिला नाही. तांबडे फार वर जाते, म्हणजे उष्णता बाहेर पडत नाही किंवा गॅस जास्त भरला आहे. आमच्या गाडीत दोन्ही कमी होते. गॅस गळत होता, यात शंका उरली नाही.

गळती शोधायची कशी? गॅस दिसत नाही. पण गॅसबरोबर कॉम्प्रेसरचे तेलही नळ्यांतून फिरत असते. गॅस सुटतो तेथे थोडे तेल पाझरते, त्यावर धूळ बसते आणि काळा ओशट डाग पडतो. आधी असे डाग शोधावेत. मग साबणाचा फेस लावून बुडबुडे पाहावेत, पंक्चर काढणारा करतो तसे. काही लोक गाडीखाली पाण्याचे थेंब पाहून घाबरतात. ती गळती नव्हे. तो हवेतला ओलावा. गार पेल्याला बाहेरून पाणी सुटते तसाच तो सुटतो आणि नळीतून खाली पडतो. हे पाणी खाली न पडता पायाखालची सतरंजी भिजवू लागले, तर ती नळी तुंबली आहे असे समजावे.

गॅस भरण्याच्या तोंडावर प्लॅस्टिकची टोपी असते. त्या गाडीची एक टोपी नव्हतीच. तेथे फेस लावला तर एक बुडबुडा हळूच फुगला. आत बारीक पिन असते, मोटारसायकलच्या ट्यूबला असते तशी. ती गळत होती. पोराला हर्ष झाला. "एवढ्याशा पिनेपायी सात हजार!" असे म्हणून तो टोपी आणायला उठला.

मेस्त्री म्हणाले, "बस खाली. एक चोर सापडला म्हणून दार उघडं टाकू नगंस."

त्यांनी काम थांबवले नाही. उरलेला गॅस मशीनने काढून घेतला. तो हवेत सोडू नये. हा गॅस हवेला तापवतो, आणि कार्बन डाय ऑक्साइडपेक्षा एक हजार पटींहून अधिक तापवतो. मग नळ्यांत नायट्रोजन भरून पुन्हा सगळीकडे फेस लावला. कंडेन्सरच्या डाव्या खालच्या कोपऱ्यात आणखी एक गळती निघाली. कधीतरी खडा लागला असावा. पिन शंभराच्या आतली, पण कंडेन्सर काही हजारांचा. पोराचे तोंड उतरले. घरी विचारून उद्या येतो म्हणाला. आम्हांला वाईट वाटले, पण मेस्त्रींनी दुसरी गळती सांगितली नसती तर पुढच्या उन्हाळ्यात तो पुन्हा आमच्या ओसरीवर आला असता.

चार दिवसांनी काम झाले. नवा कंडेन्सर बसला, पिना आणि सांध्यांच्या रबरी रिंगा बदलल्या, ड्रायरही बदलला. ड्रायर म्हणजे ओलावा शोषणारी डबी. नळ्या उघडल्या की हवेतला दमटपणा आत जातो. तो राहिला तर त्या बारीक छिद्रात बर्फ होऊन वाट बंद होते. मग मशीन लावून अर्धा तास आतली सगळी हवा ओढून काढली. मशीन बंद करून मेस्त्री चहाला गेले. आल्यावर काटा पाहिला. काटा हलला नव्हता. तेव्हाच गॅस भरला.

भरला तोही वजन करून. गेज दाब सांगते, वजन सांगत नाही. घरचे सिलिंडर अर्धे झाले तरी जाळ तसाच असतो. किती उरला ते उचलल्यावरच कळते. तसेच हे. किती ग्रॅम गॅस हवा, ते बॉनेटखालच्या चिठ्ठीवर छापलेले असते. चिठ्ठी इंग्रजीत असली तरी आकडा ओळखता आला की पुरे. लहान गाडीला साधारण अर्धा किलोच्या आतबाहेर लागतो. कमी नको, तसा जास्तही नको. गॅसची जातही तेथेच लिहिलेली असते. २००९ सालच्या या गाडीत आर-१३४ए नावाचा गॅस आहे. त्याआधीच्या फार जुन्या गाड्यांत आर-१२ असे. आकाशात ओझोनचा थर आहे, तो सूर्याचे घातक किरण अडवतो. आर-१२ त्या थराला खातो. म्हणून १९८७ साली कॅनडातल्या माँट्रियल शहरी राष्ट्रांचा करार झाला. भारत त्यात १९९२ साली सामील झाला आणि १ जानेवारी २०१० पासून आपल्याकडे तो गॅस बंद झाला. एका जातीच्या गाडीत दुसरा गॅस मिसळू नये. काही ठिकाणी स्वस्त पडतो म्हणून स्वयंपाकाचा गॅस भरतात. तो पेट घेतो. माणसे बसायच्या गाडीत तो भरू देऊ नका. कोणताही गॅस सुटला असेल तेथे विडी ओढू नका, आणि सुटणाऱ्या गॅसपुढे हात धरू नका, कातडी गोठते.

तुमच्या गाडीचे काम करून घ्याल तेव्हा गळती कोठे सापडली, ते विचारा. किती ग्रॅम गॅस भरला, ते बिलावर लिहून मागा. 'गॅस भरला' एवढेच लिहिलेले बिल त्या पोराकडे तीन होती.

संध्याकाळी मेस्त्रींनी झरोक्यात थर्मामीटर खोचला. बाहेर ३६ अंश होते. काचा बंद, पंखा पुरा. दहा मिनिटांनी काटा १० अंशांवर आला.

त्या गोष्टीला आता दुसरा उन्हाळा लोटला. थंडीतही आठवड्यातून एकदा दहा मिनिटे एसी लावायचा, म्हणजे तेल फिरते आणि रबर सुकत नाही, असे मेस्त्रींनी सांगितले होते. तो ते पाळतो. आजी मंगळवारी आणि शुक्रवारी जातात. परतीच्या वाटेवर त्यांना आता झोप लागते. "लई गार करतोस रं," म्हणून अंगावर शाल घेतात. गॅस तेवढाच आहे का, ते एकदा गेज लावून पाहावे असे आम्हांला वाटत होते. मेस्त्री म्हणाले, "गार हाय न्हवं? मग टोपी काढायचीच कशाला?"